बाळंतिणीच्या ताटात काय वाढाल?

आमच्या शेजारच्या वहिनींची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ-बाळंतीण दवाखान्यातून सुखरूप घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी डिंक तळल्याचा खमंग वास आमच्या जिन्यापर्यंत पोहोचला. मी आपली बाळाला बघायला म्हणून गेले. बाळ गोड, जावळ भरपूर. लेकीचा चेहरा मात्र उतरलेला. तिच्यापुढे ताट होतं. ताटात मऊ भात, त्यावर साजूक तूप, मिरपुडीची चिमूट आणि कडेला डिंकाचा लाडू. ना भाजी, ना वरण, ना कोशिंबीर.

"एवढंच?" मी विचारलं.

"अहो, ओली बाळंतीण ती!" वहिनी म्हणाल्या. "वरण वातूळ. भाजीनं बाळाच्या पोटात दुखतं. फळं थंड, आणि दह्याचं तर नावच नको. पाणीसुद्धा मी मोजून देते हो, नाहीतर पोट सुटतं. सव्वा महिना सांभाळलं की झालं."

पंधराव्या दिवशी तीच मुलगी डोळे पुसत मला सांगत होती, "काकू, माझं दूधच पुरत नाही. बाळ सारखं रडतं. आई म्हणते, आता वरचं सुरू करू. डबा आणूनसुद्धा ठेवलाय."

मैत्रिणींनो, हे दृश्य तुम्ही पाहिलं नसेल असं होणार नाही. कदाचित त्या ताटासमोर तुम्ही स्वतःच बसला असाल. वहिनी काही निर्दय नाहीत. लेकीसाठी पहाटे उठून लाडू वळणारी ती आई आहे. पण त्या घरात दोन गोष्टींची गल्लत झाली होती, आणि ती आपल्या बहुतेक घरांत होते. दूध कशानं येतं ही एक गोष्ट आणि बाळंतिणीनं खायचं कशासाठी ही दुसरी.

आधी दुधाचं बघू. दूध येतं ते बाळाच्या ओढण्यानं. बाळ अंगावर ओढू लागलं की आईच्या मेंदूकडे निरोप जातो आणि दोन संप्रेरकं रक्तात उतरतात. प्रोलॅक्टिन हे एक, ते दूध तयार करवतं. ऑक्सिटोसिन हे दुसरं, ते तयार झालेलं दूध पुढे ढकलतं. यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो. विहिरीचा उपसा चालू असला की झरे वाहते राहतात, तसंच हे. उपसा कमी झाला की पाझर कमी. बाळाला वरचं दूध दिलं की त्याचं पोट भरतं, ते अंगावर कमी ओढतं, म्हणून दूध कमी तयार होतं, म्हणून वरचं आणखी वाढवावं लागतं. आठ-पंधरा दिवसांत "हिला दूधच नाही" हे खरं होऊन बसतं. पहिल्या दिवसांत बाळाला २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायला हवं, रात्रीसुद्धा. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, त्यामुळे "बाई दमलीय, रात्री बाटली द्या" हा प्रेमाचा सल्ला नेमका दुधावरच उठतो.

मग दूध पुरतंय हे ओळखायचं कसं? रडण्यावरून नव्हे. बाळ भुकेनं रडतं तसं ओलं झालं म्हणून रडतं, उकडतंय म्हणून रडतं, आणि संध्याकाळी तर काही कारण नसताना रडतं. पहिल्या आठवड्यानंतर दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा भरपूर शू होत असेल, जन्माचं वजन दोन आठवड्यांच्या आत भरून येत असेल आणि पुढे रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढत असेल, तर दूध पुरतंय. हे होत नसेल तर मात्र डॉक्टरांकडे जा. बहुतेक वेळा बाळाचं तोंड नीट लागत नाही एवढंच कारण निघतं. बोंडीपुरतं नाही, तर भोवतालच्या काळ्या भागासकट तोंडात यायला हवं. आईला थायरॉइडचा त्रास किंवा रक्त फार गेलेलं असेल तर तेही बघावं लागतं.

एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण वेलची-केशर घालून मिटक्या मारत खातो, शेजारी वाटतो. आणि आपल्या लेकीसुनांना पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा पिवळसर चीक? तो कित्येक घरांत पिळून टाकून देत असत, "जड असतो" म्हणून. माझ्या पहिल्या बाळंतपणात माझाही असाच वाया घालवला आणि बाळाला मधाचं बोट चाटवलं. बाळाला रोगांपासून वाचवणारी पहिली शिदोरी ती. जन्मानंतर तासाभरात अंगावर घ्या असं जगभरचे डॉक्टर सांगतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र देशातल्या सुमारे ४२ टक्के बाळांनाच ते तासाभरात मिळालं असं आढळलं. आणि मध? वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, बोटभरसुद्धा.

आता तुम्ही म्हणाल, दूध जर ओढण्यानं येतं तर लाडवांचा खटाटोप कशाला? इथेच खरी मेख आहे. बेताचं खाणाऱ्या आईलाही दूध येतं आणि ते बाळाला बव्हंशी पुरतं. कारण शरीर ते आईच्या कोठारातून काढून देतं. रोज साधारण ७५० मिलिलिटर दूध बाहेर जातं. त्यातलं कॅल्शियम आईनं खाल्लं नाही तरी दुधात उतरतं, कारण ते तिच्या हाडांतून उसनं घेतलं जातं. पाजणं थांबल्यावर ते बहुतेक भरून येतं, पण भरायला घरात माल हवा ना! लोहाचं तसंच. बाळंतपणात रक्त गेलेलं असतं आणि त्याआधीच आपल्या बायकांची अवस्था काय? त्याच पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या १०० बायकांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे बाळंतिणीचं खाणं आधी बाळंतिणीसाठी आहे. "बाळाला बाधेल" या धाकानं तिच्या ताटातून एकेक पदार्थ उचलला जातो, तेव्हा बाळ तर वाढत राहतं, पण दोन वर्षांनी कंबर धरून बसते ती आई.

तरीही बाळापर्यंत काहीच पोहोचत नाही असं नाही हं. काही जीवनसत्त्वं अशी आहेत की आईच्या खाण्यात नसली की दुधातही नसतात.

त्यातलं एक बी-१२. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. भाजीपाल्यात ते नाही. शाकाहारी घर, त्यात दूध बेताचं, दही "थंड" म्हणून बंद, म्हणजे आईकडे बी-१२ चा खडखडाट. अशा आईचं बाळ चार-सहा महिने चांगलं बाळसेदार दिसतं आणि मग हळूहळू मलूल होऊ लागतं. हसणं कमी होतं, धरलेली मान पुन्हा सैल पडते, कातडी काळवंडते, कधी हातपाय थरथरतात. वेळेवर ओळखलं तर औषध अगदी साधं आहे. उशीर झाला तर वाढीचं झालेलं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही. तुम्ही शाकाहारी असाल तर दिवस गेल्यापासूनच डॉक्टरांना बी-१२ बद्दल विचारा.

दुसरं बी-१, म्हणजे थायमिन. याची हकीगत ऐकून मी स्वतः हादरले होते. कर्नाटकात दोन-तीन महिन्यांची, निव्वळ अंगावर पिणारी बाळं अचानक श्वास लागून, हृदयावर ताण येऊन दवाखान्यात आणली जात. बंगळूरच्या डॉक्टरांनी याचा अभ्यास केला आणि तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. या बाळांच्या आया पॉलिशच्या तांदळाचा भात खाणाऱ्या आणि बाळंतपणाच्या पथ्यावर असलेल्या होत्या. पॉलिशमध्ये तांदळाचा कोंडा जातो आणि त्याबरोबर थायमिन जातं. तांदूळ तीन-तीनदा धुतला, पाणी काढून टाकलं की उरलंसुरलं जातं. ते भरून काढायला डाळ नाही, उसळ नाही, भाजी नाही. बाळांना थायमिन टोचल्यावर ती भराभर सुधारली. काश्मीरमध्येही, तिथेही भातच खातात, डॉक्टरांनी अशी बाळं पाहिली आहेत.

आपल्या वहिनींचं ताट आठवा. मऊ भात, तूप, मिरपूड! मेतकूट तरी घालायचं, त्यात डाळी आणि गहू असतात. अर्थात चमचाभर मेतकूट म्हणजे जेवण नव्हे. म्हणून काही पाजणं बंद करायचं नसतं, ताटात वरण वाढायचं असतं. आणि तान्हं बाळ दूध ओढेनासं झालं, धाप लागली, रडण्याचा आवाज बसला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

उरलेल्या धाकाचं काय? डाळीनं, कोबीनं, वांग्यानं बाळाला वात होतो म्हणतात. अहो, वात म्हणजे आतड्यातली हवा. ती आईच्या आतड्यात होते आणि तिथेच राहते, रक्तातून दुधात कशी जाणार? एखादा पदार्थ खाल्ला की दर वेळी बाळ कळवळतं असं तुमच्या ध्यानात आलं तर तेवढा आठवडाभर सोडा आणि पुन्हा खाऊन बघा. बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष निघतो. बाळाच्या शीत रक्ताचे धागे दिसले तर मात्र गाईच्या दुधाची बाधा असू शकते, ते डॉक्टरांनी ठरवायचं.

वास आणि चव मात्र दुधात उतरते. १९९१ साली अमेरिकेत आयांना लसूण देऊन पाहिलं, तर बाळं नेहमीपेक्षा जास्त वेळ अंगावर राहिली! आपल्याकडे देशावर बाळंतिणीला बाजरीची भाकरी आणि लसूण-खोबऱ्याची चटणी देतातच. तेव्हा आज्या अगदीच काही चुकल्या नव्हत्या.

आज्यांवरून लाडवांकडे येऊ. मी डिंकाच्या लाडवांच्या विरुद्ध नाही, उलट पक्षातच आहे. रात्री तीन वाजता बाळाला पाजून झाल्यावर जी भूक लागते ती कुणी अनुभवली असेल तिलाच कळेल. त्या वेळी उशाशी डबा असावा, त्यात लाडू असावा, वर कोमट दूध असावं, याहून सोय ती काय? खारीक, खोबरं, खसखस, बदाम, तूप, गूळ यांची ताकद थोडक्यात पोटात जाते. पण लाडू हे जेवणाबरोबरचं आहे, जेवणाऐवजीचं नव्हे. काही घरांत सकाळी दोन, दुपारी एक, रात्री एक असे लाडू चारतात. मग त्या पोरीला भाकरी-भाजीची भूकच राहत नाही. लिंबाएवढा लाडू, दिवसाला एक, फार तर दोन. गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर डॉक्टरांना विचारून मगच. शतावरीनं दूध वाढतं असं पूर्वापार सांगतात, त्याचा भक्कम पुरावा अजून नाही. हवी तर वैद्यांच्या सल्ल्यानं घ्या, पण बाजारातल्या बऱ्याचशा कल्पांत साखरच फार असते हे डबीवर वाचून बघा.

हळिवात लोह चांगलं असतं, पण आपण त्याची दुधात खीर करतो आणि दुधातलं कॅल्शियम लोहाला आड येतं. त्यापेक्षा ओल्या नारळाच्या पाण्यात हळीव दोन-तीन तास भिजवा, खवलेला नारळ आणि गूळ घालून मंद आचेवर आटवा आणि लाडू वळा. बरोबर पेरू किंवा मोसंबी खा, नाहीतर जेवणात लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं.

मग ताटात वाढायचं काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने नेहमीपेक्षा रोज ६०० कॅलरी जास्त लागतात आणि प्रथिनं सुमारे १७ ग्रॅम जास्त. आकड्यांनी घाबरू नका. नेहमीच्या जेवणावर एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ, पेलाभर दूध आणि एक लहान लाडू एवढं वाढवलं की हिशेब जवळपास जुळतो.

आमच्या वहिनींना मी दिवसाचं असं लिहून दिलं. सकाळी उठल्यावर दूध आणि चार भिजवलेले बदाम. न्याहारीला भाज्या घालून उपमा किंवा मेथीची धपाटी, चालत असेल तर अंडं. दहा वाजता एखादं फळ. दुपारी भाकरी, घट्ट वरण, मेथी, शेपू, लाल माठ, शेवग्याचा पाला यांपैकी एक भाजी, लिंबाची फोड आणि वाटीभर दही. चार वाजता नाचणीची आंबील किंवा तिळाची चिक्की. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट, आणि दुधाच्या मानानं नाचणी स्वस्त. रात्री मुगाची खिचडी, कढी, दुधीची किंवा दोडक्याची भाजी. रात्रीच्या पाजण्यानंतर लाडू.

मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली असे लहान मासे खावेत. कोकण-गोव्याकडे बाळंतिणीला मुद्दाम मोरीचं कालवण देतात. दूध वाढवायला म्हणून ते खाण्याची गरज नाही, आणि मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो म्हणून मोठी मोरी टाळलेली बरी.

कुणाला वाटेल, ही सगळी शहरी चैन. पण राज्यातल्या आदिवासी भागांत २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांना अंगणवाडीत जे चौरस जेवण ठरवून दिलं, त्यात काय आहे बघा: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, अंडं आणि शेंगदाण्याचा लाडू. लाडू त्यातही आहे, पण शेवटी!

पाणी मोजून देऊ नका. दुधात बहुतांश पाणीच असतं. तहान लागेल तेवढं प्यावं, पाजायला बसताना तांब्या जवळ घ्यावा. दूध वाढावं म्हणून बळेबळे पिण्याचीही गरज नाही. पोट सुटतं ते पाण्यानं नाही. चहा-कॉफी दोन कपांवर नको आणि जेवणाला लागून तर नकोच. मिश्री, तंबाखू पूर्ण बंद, ते दुधातून बाळाला जातं. उपवास बाळ मोठं होईपर्यंत बाजूला ठेवावेत, देव समजून घेतो. आणि खोलीत शेगडी पेटवून धुरी देऊ नका, तो धूर त्या चिमुकल्या छातीत जातो.

दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या बाळंतपण झालं की डब्यात पडून राहतात. त्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, कॅल्शियमच्या गोळ्याही तितकेच दिवस. दोन्ही एकदम घेऊ नका, मध्ये दोन तास तरी जाऊ द्या.

बाळाला मात्र सहा महिने दुधाशिवाय काही नको. पाणी नको, गुटी नको, ग्राइप वॉटर नको. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध अर्थात द्यायचं. दुधाच्या डब्यांच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी मोबाइलवरच्या गोड बोलण्यातून त्या आडवाटेनं घरात शिरतात. कुणा आईला आजारपणामुळे डबा द्यावाच लागला तर त्यात तिचा दोष काही नाही, एवढंही सांगून ठेवते. नोकरी करणाऱ्यांना पहिल्या दोन बाळंतपणांना २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं मिळते. पुढे कामावर जाताना दूध काढून स्वच्छ झाकणाच्या भांड्यात ठेवता येतं, बाहेर चार तास आणि फ्रिजमध्ये दिवसभर. ते वाटी-चमच्यानं पाजावं.

वहिनींच्या लेकीला आम्ही आधी नीट बसवून पाजायला शिकवलं. दोन दिवस ती आणि बाळ, एवढंच, बाकी सगळं काम वहिनी आणि जावई यांच्याकडे. जावयांना कुकर लावता येतो हे तेव्हा कळलं! ताटात वरण आलं, मेथी आली, भाकरी आली. आठवड्यानं बाळाचं वजन केलं तेव्हा ते १८० ग्रॅमनी वाढलं होतं. दुधाचा डबा न उघडताच दुकानदाराला परत गेला आणि त्या पैशांत वहिनींनी नाचणी आणि गूळ आणला. दह्याचं मात्र अजून जमलेलं नाही. "ते सव्वा महिन्यानंतर बघू," असं त्या ठामपणे म्हणतात. सव्वा महिन्याला आता नऊच दिवस उरलेत, म्हणून मीही तूर्त गप्प आहे.